झऱ्याचे पाणी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

डोंगरउतारावरचे झरे आणि पाझर यांच्या वापराविषयी ठाणे व नवी मुंबईतील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या पायथ्याकडच्या भागात आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. जमिनीच्या वरच्या टोकाला खडकातून एक झरा येतो. तो बारमाही असला तरी उन्हाळ्यात त्याची धार अगदी बारीक होते. गेल्या मे महिन्यात पंधरा लिटरची बादली भरायला तीन मिनिटे लागली. खालच्या पाड्यावरची वीसेक घरे हेच पाणी पूर्वापार भरतात. आम्हाला तेथे लहान घर बांधून आंब्याची शंभर कलमे लावायची आहेत. घराची जागा झऱ्यापासून १८ मीटर खाली व पाइपच्या वाटेने सुमारे २४० मीटर दूर आहे. झऱ्याच्या तोंडाशी सुरुंग लावून तेथेच विहीर पाडली तर पाणी चौपट होईल, असे एका कंत्राटदाराचे म्हणणे आहे. काय करावे? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : सुरुंग लावू नये. बाकीचे सर्व निर्णय सवडीने घेता येतील आणि चुकले तर दुरुस्तही करता येतील. सुरुंगाने फुटलेला झरा मात्र पुन्हा जुळवता येत नाही. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, झिजलेला व भेगाळलेला असतो, तर खालचा भाग बहुधा घट्ट काळ्या पाषाणाचा असतो, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी गेरूसारखा तांबडा, चिकणमातीचा पट्टा सापडतो. पावसाचे पाणी वरच्या भेगांतून खाली उतरते, या घट्ट पाषाणावर किंवा तांबड्या पट्ट्यावर अडते, आडवे सरकते आणि जेथे डोंगराचा उतार त्या थराला छेदतो तेथे झरा म्हणून बाहेर पडते. म्हणजे आपला झरा टिकून आहे तो खालच्या न पाझरणाऱ्या थरामुळे. सुरुंगाने त्याच थराला तडे गेले की पाणी खाली उतरून दुसऱ्याच उतारावर, कदाचित दुसऱ्याच्याच जमिनीत निघते. कंत्राटदाराचे म्हणणे पहिल्या एकदोन महिन्यांपुरते खरेही ठरू शकेल, कारण फोडलेल्या खडकात साठलेले पाणी एकदम मोकळे होते. परंतु ती डोंगरात साठलेल्या शिलकेची उचल असते, नवी आवक नव्हे. झऱ्याजवळ बोअर घेण्याच्या सल्ल्यालाही हाच आक्षेप लागू पडतो, कारण तांबडा पट्टा भेदून खाली गेलेले बोअर वरचे पाणी खालच्या थरात सोडून देऊ शकते.

आपण मे महिन्यात मोजमाप घेतले, हे फार चांगले केले. बहुतेक लोक दिवाळीच्या सुटीत भरलेला झरा पाहून योजना आखतात आणि होळीनंतर टँकर शोधतात. तीन मिनिटांत पंधरा लिटर म्हणजे मिनिटाला पाच लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. वीस घरांत शंभर माणसे धरली तर पाड्याची गरज ५,५०० लिटर होते. आपल्या घराला ५०० लिटर पुष्कळ झाले. शंभर कलमांना दिवसाआड पंधरा-पंधरा लिटर द्यायचे म्हटले तर रोजचे सरासरी ७५० लिटर लागतील. एकूण ६,७५० लिटर. हिशेब जेमतेम बसतो, आणि तोही साठवणीची टाकी असेल तरच, कारण झरा रात्रीही वाहतो व ते पाणी धरून ठेवले नाही तर दिवसाला अर्धेच हाती लागते. रात्रीच्या आठ तासांतच २,४०० लिटर जमा होतात. मोठी झालेली कलमे, हिरवळ किंवा तरणतलाव या हिशेबात बसत नाहीत. एका वर्षाच्या मोजमापावर पूर्ण विसंबू नये. पाऊस कमी झालेल्या वर्षानंतरच्या मे महिन्यातही धार मोजून पाहावी आणि तोवर कलमांची संख्या निम्मीच ठेवावी, असे मी सुचवीन.

पाड्याचा प्रश्न आपण पत्रात एका वाक्यात उरकला आहे, पण माझ्या मते तोच मुख्य आहे. झरा आपल्या सातबाऱ्याच्या हद्दीत असला म्हणून त्याचे सर्व पाणी आपले, असे कायदा मानत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार ज्यांवर कोणाची मालकी प्रस्थापित झालेली नाही, असे नद्या, नाले, ओढे आणि वाहते पाणी शासनाचे असते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ जमीनमालकाला स्वतःच्या हद्दीत जमिनीखाली झिरपणारे पाणी गोळा करू देतो. मात्र पाणी एकदा निश्चित प्रवाहाच्या रूपाने वाहू लागले की ते नैसर्गिकरीत्या खाली वाहत येण्याचा हक्क खालच्या जमीनधारकालाही असतो. याशिवाय एखादी वहिवाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्काने अखंड चालू असेल तर तिच्यातून सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतील वाट किंवा पाणी वापरण्याचा हक्क, निर्माण होऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा, जुने फेरफार काढावेत आणि जमिनीचा काही भाग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ खाली तर येत नाही ना, हे तलाठ्याकडे व वन विभागाकडे तपासावे. ठाणे जिल्ह्यात ही नोंद अनपेक्षित ठिकाणी निघते. त्यानंतर पाड्यावर जाऊन ग्रामपंचायत सदस्यांसमक्ष पाणीवाटपाचा साधा लेखी ठराव करावा. शहरातून आलेल्या माणसाने आधी कुंपण घातले आणि मग बोलणी सुरू केली, तर पाइप फार काळ शाबूत राहत नाही. त्यात पाड्याची चूक असते असेही मला वाटत नाही.

आता बांधकाम. ते एप्रिलच्या शेवटी सुरू करून मृग नक्षत्रापूर्वी संपवावे, कारण धार सर्वांत बारीक असताना पाणी नेमके कोठून येते ते स्पष्ट दिसते. झऱ्याभोवतालची माती, पालापाचोळा व सुटे दगड हातानेच, पहार-कुदळीने काढत मागे जावे आणि पाणी घट्ट थराच्या माथ्यावरून सरकताना दिसले की तेथेच थांबावे. तो थर खणू नये. उघड्या झालेल्या तोंडाशी धुतलेले दगड आणि त्यांच्यापुढे जाड खडी रचावी, म्हणजे पाणी मोकळे येईल पण माती अडेल. या रचनेच्या पुढे थरात बसवलेली एक बुटकी भिंत बांधावी आणि तिच्या तळाशी पाइप ठेवावा. या भिंतीमागे पाणी तुंबू द्यायचे नाही, हा सगळ्या कामाचा गाभा आहे. मूळ उगमाच्या पातळीपेक्षा पाणी वर चढले की मागे दाब तयार होतो, आणि झरा बाजूची एखादी भेग शोधून तिकडून निघतो. त्यामुळे सांडव्याचा पाइप उगमाच्या पातळीखालीच हवा, आणि तो पावसाळ्यातला पूर सहज वाहून नेईल इतका मोठा हवा. ठाणे जिल्ह्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, हे सांडव्याचा व्यास ठरवताना विसरू नये. दगडांच्या रचनेवर चिकणमातीचा चांगला कुटलेला थर देऊन त्यावर माती भरावी, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी थेट आत उतरणार नाही. उगमाच्या वरच्या बाजूला आठ-दहा मीटरवर एक आडवा चर खणून पावसाचे वाहते पाणी बाजूने काढून द्यावे आणि चराच्या आतल्या जागेला काटेरी कुंपण घालावे. गुरे तेथे जाता कामा नयेत.

साठवणीची टाकी उगमावर बांधण्याचा मोह टाळावा. उगमापासून पाचसहा मीटर खाली एक लहान बंदिस्त हौद पुरतो. त्यात आलेला गाळ खाली बसतो व पाणी पुढे जाते. हौदाच्या तळाशी गाळ धुवून काढण्याचा पाइप, त्याच्या वर दहा सेंटिमीटरवर पाड्याकडे जाणारा पाइप, आणखी दहा सेंटिमीटर वर आपल्या घराचा पाइप आणि सर्वांत वर जाळी लावलेला सांडवा अशी मांडणी केली, तर वाटप कोणाच्या मर्जीवर राहत नाही. धार बारीक असते तेव्हा पाणी आधी पाड्याच्या टाकीत जाते. ती भरून बॉलकॉक बंद झाला की हौदातील पातळी वाढते आणि पाणी आपल्या पाइपात येते. यावर काही वाचक नाराज होतील, परंतु वरच्या हिशेबाप्रमाणे मे महिन्यातही पाड्याची गरज भागून दिवसाला सतराशे लिटर उरतात व ते आपल्याला पुरेसे आहेत. सांडव्याचे पाणी मूळ ओहोळातच सोडावे. खालची गुरे आणि रानातली जनावरे त्यावरच असतात.

पाइपचा व्यास दुकानदाराच्या सांगण्यावरून ठरवू नये. मिनिटाला बारा लिटर पाणी न्यायचे असेल, आणि हिवाळ्यात तेवढे मिळायला हरकत नाही, तर आतून १६ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये २४० मीटरवर घर्षणातच सुमारे १९ मीटरचा उतार खर्च होतो. आपल्याकडे आहेत १८ मीटर. म्हणजे तेवढे पाणी पोहोचणारच नाही. आतून २७ मिलिमीटरच्या पाइपमध्ये हाच खर्च दीड मीटरच्या आसपास येतो आणि पंपाची गरजच पडत नाही. एचडीपीईचा काळा पाइप दोन फूट खोल पुरावा. तो गवतावरून उघडा टाकला तर फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या वणव्यात वितळून जातो, हे त्या भागातल्या कोणीही सांगेल. पाइप सतत उतरता जावा. मध्ये उंचवटा टाळता आला नाही तर तेथे हवा अडकते, म्हणून हवेचा व्हॉल्व्ह बसवावा.

प्रश्न : शहापूर तालुक्यातील आमच्या गावचा झरा पूर्वी वर्षभर वाहत असे, आता फेब्रुवारीतच आटतो. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आमच्याच तालुक्यात असताना आम्ही टँकरची वाट पाहतो. झरा पुन्हा वाहता करता येईल का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : बऱ्याच वेळा करता येतो, पण त्यासाठी काम झऱ्यापाशी नव्हे तर वर, डोंगरावर करावे लागते. झऱ्याला पाणी देणारे क्षेत्र नेमके कोठे आहे, हा पहिला प्रश्न. सह्याद्रीतील थर जवळजवळ आडवे असल्याने ते बहुधा झऱ्याच्या वरच्या पठारावर किंवा टप्प्यावर असते, मात्र थरांचा किंचित कल आणि भेगांची दिशा यांमुळे ते डोंगराच्या पलीकडच्या अंगालाही असू शकते. यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील भूवैज्ञानिकाला जागेवर नेणे हा खर्च वाचवणारा मार्ग आहे. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ या कार्यक्रमात याच पद्धतीने आधी भूशास्त्र तपासून मग वरच्या क्षेत्रात चर खणले गेले आणि आटलेले झरे पुन्हा वाहू लागले. पुण्याच्या ॲक्वाडॅम या संस्थेचेही झऱ्यांच्या भूशास्त्रावर काम आहे.

वरच्या पठारावर कमी उताराच्या जागी समतल (उताराला आडवे, एकाच उंचीवरून खणलेले) चर, ओहोळात दगडांचे लहान बांध, चराईला काही वर्षे विश्रांती आणि मुख्य म्हणजे वणवे थांबवणे, एवढे केले तरी पाणी मुरण्याचे प्रमाण वाढते. जळलेल्या, उघड्या डोंगरावरून पाऊस नुसता धावतो. झाडे लावायची तर जांभूळ, करंज, उंबर अशी तिथलीच लावावीत, निलगिरी नको. गावात नवी बोअर झाली असल्यास तिची खोली व जागा तपासावी. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ सार्वजनिक पेयजल स्रोतांना संरक्षण देतो, आणि अशा स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आहेत. आपल्या झऱ्यावर गाव पाणी भरत असेल तर तो पेयजल स्रोत म्हणून नोंदवून घेणे ग्रामपंचायतीच्या हिताचे आहे.

एक इशारा मात्र देणे भाग आहे. वस्तीच्या डोक्यावर तीव्र उतार असेल तर तेथे चर खणून पाणी मुरवू नये. जुलै २०१४ मध्ये माळीण आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे काय झाले ते आपल्यासमोर आहे. मुसळधार पावसात जाड मातीच्या उतारात पाणी साचले की तो उतार सुटतो. भर पावसात झऱ्याला अचानक गढूळ पाणी येऊ लागणे, नव्या ठिकाणी पाझर फुटणे किंवा वाहता झरा एकाएकी थांबणे ही धोक्याची चिन्हे मानून वस्तीने तत्काळ हलावे आणि तहसील कार्यालयाला कळवावे.

प्रश्न : आमच्या गावच्या झऱ्याचे पाणी काचेसारखे स्वच्छ आहे व पिढ्यान्‌पिढ्या लोक ते पीत आले आहेत. तपासणीची खरोखर गरज आहे का? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : आहे. गढूळपणा डोळ्यांना दिसतो, जंतू दिसत नाहीत. बेसॉल्टच्या, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या, भेगांतून पाणी वेगाने धावते, वाळूतल्याप्रमाणे ते गाळले जात नाही. त्यामुळे वरच्या अंगाला झालेले नवे शौचालय किंवा गोठा याचा परिणाम थोड्याच दिवसांत खाली दिसू शकतो. शोषखड्डा झऱ्यापासून किमान ३० मीटर दूर असावा असा संकेत आहे, परंतु भेगाळ खडकात आणि तोही वरच्या बाजूला असेल तर मी हे अंतर पुरेसे मानणार नाही.

पाण्याचा नमुना वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पहिल्या जोरदार पावसानंतर द्यावा. दुसरा नमुनाच सहसा बिघडलेला निघतो. जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरावी, ती बर्फात ठेवावी आणि चोवीस तासांच्या आत पोहोचवावी. शीतपेयाच्या जुन्या बाटलीत नेलेल्या नमुन्याचा अहवाल निरुपयोगी असतो. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि एकूण विद्राव्य क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. डोंगरावरच्या थंड झऱ्यांत क्षार सहसा कमीच असतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांचा मामला वेगळा आहे. ते पाणी खोलातून येते व क्षारयुक्त असते, त्यावरून आपल्या झऱ्याविषयी काही अनुमान काढू नये.

पिण्याच्या टाकीत दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेगळ्या भांड्यात कालवून, वरचे निवळ पाणी टाकीत मिसळावे आणि तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात शिल्लक असलेले क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी, करावी. नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे. पावडर उघडी राहिली किंवा जुनी झाली की तिची शक्ती जाते, म्हणून मोजमापापेक्षा ओटी टेस्टवर भरवसा ठेवावा. पाणी गढूळ असेल त्या दिवसांत आधी निवळू द्यावे, गाळावे आणि उकळावे.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या बाजूला आमची सोसायटी आहे. मागच्या संरक्षक भिंतीच्या छिद्रांतून बारा महिने पाणी झिरपते. काही सभासद ही छिद्रे सिमेंटने बुजवायला सांगतात, तर काहींना ते पाणी बागेसाठी वापरायचे आहे. (ठाणे पश्चिम)

उत्तर : छिद्रे बुजवू नका. ती मुद्दाम ठेवलेली असतात. भिंतीमागे तीन मीटर उंचीपर्यंत पाणी तुंबले तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टनांचा दाब येतो, आणि भिंतीची रचना बहुधा तो गृहीत धरून केलेली नसते.

वापराविषयी बोलायचे तर हा झरा आहे की गळती, हे आधी ठरवावे. एका रात्री सोसायटीच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवून सकाळी धार मोजा. ती घटली असेल तर गळती आपलीच आहे. ओटी टेस्टमध्ये रंग आला तरी तेच. जिवाणू व अमोनिया तपासून सांडपाण्याची शक्यताही दूर करून घ्यावी. पाणी डोंगराचेच असेल तर भिंतीच्या पायथ्याशी उघडी पन्हळ करून ते एका लहान टाकीत घ्यावे व बाग आणि फ्लशसाठी वापरावे. राष्ट्रीय इमारत संहितेत शहरी वापरासाठी धरलेल्या माणशी १३५ लिटरपैकी ४५ लिटर फ्लशचे असतात, म्हणजे मिनिटाला अवघे दोन लिटर पाणी मिळाले तरी दिवसाच्या २,८८० लिटरमध्ये चौसष्ट माणसांचे फ्लश भागते. ही नळयोजना पूर्ण स्वतंत्र, वेगळ्या रंगाच्या पाइपची असावी आणि महापालिकेच्या पाण्याशी तिचा कोठेही जोड नसावा. जास्तीचे पाणी मलवाहिनीत न सोडता पावसाळी गटारात सोडावे. भिंतीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागत असल्यास वर जाऊन चर किंवा खड्डा खणण्याचा विचारही करू नये. आणि पाण्याबरोबर माती येऊ लागली, तर बागेचे काम थांबवून आधी स्ट्रक्चरल अभियंत्याकडून भिंत तपासून घ्यावी.